गोंडा, बेगड आणि संत ऑड्रीची फीत



आमच्या पांढुर्ण्यात आणि सौंसरात एकाच घरात दोन भाषा नांदतात. शाळेत, कचेरीत, रेल्वेच्या खिडकीपाशी हिंदी. चुलीपाशी, शेतात आणि प्रार्थनेत मराठी. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे निघाले आणि पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी बोलण्यात काही फरक पडला नाही. अशा गावात शब्दांचे घोटाळे व्हायचेच. त्यातल्याच एका घोटाळ्यातून हा लेख निघाला.

गेल्या नाताळाआधी संडे स्कूलच्या मुलांनी गोठा उभारला, गवत अंथरले, गव्हाण ठेवली. दहावीतल्या एका मुलीने सुंदर अक्षरात पाटी लिहिली: ‘गव्हाणीचा देखावा’. तिची हिंदी शाळेतली मैत्रीण पाहायला आली, तिने पाटी वाचली आणि हसत म्हणाली, “तुम्ही स्वतःच लिहून टाकलं की हा दिखावा आहे?” मराठीत देखावा म्हणजे डोळ्यांपुढे उभे केलेले दृश्य. हिंदीत दिखावा म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी केलेला आव. एका वेलांटीचे अंतर! मुलगी हिरमुसली. त्यात आठवड्यापूर्वीच सजावटीच्या सभेत यावरूनच चांगली खडाजंगी झाली होती. माळा, झालरी, थर्माकोलच्या कमानी यांवर किती खर्च करायचा? एक ज्येष्ठ मावशी स्पष्ट बोलल्या, “मदतीच्या पेटीत इतके पैसे कधी पडले होते का?” तरुण गप्प बसले, पण पटले कोणालाच नाही.

नंतर तीच मुलगी इंग्रजीच्या अभ्यासातला एक शब्द घेऊन आली. ‘टॉड्री’ म्हणजे काय? आम्ही म्हटले, भडक, स्वस्त, नुसता चकचकाट. मग उगम शोधायला बसलो तर त्या शब्दातून एक संत बाहेर आली. तेव्हापासून आम्ही या शब्दांच्या मागे लागलो आहोत. सभेतल्या वादाला उत्तर द्यायचे राहिले होते, ते जमेल तसे इथे देत आहोत.

घरापासूनच सुरुवात करू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार साऱ्या देशाला ठाऊक आहे. वर्तमानपत्रात आमचे नाव येते ते तेवढ्यासाठीच. आम्हाला मात्र आदला दिवस अधिक प्रिय. बैल धुऊन, शिंगे रंगवून, अंगावर झूल, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, शिंगांच्या टोकाला गोंडे. आणि शिंगांवर चिकटवायची ती बेगड, चमचमणारा पातळ पत्रा. मराठी माणसाने याच बेगडीपासून ‘बेगडी’ हा शब्द केला आणि तो खोट्या माणसाला, खोट्या प्रेमाला, खोट्या भक्तीला लावला. गंमत अशी की पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगावरची बेगड कोणालाच बेगडी वाटत नाही. वर्षभर ज्याने नांगर ओढला त्याला एक दिवस नटवले तर त्यात खोटे काय? बैलाला तर आरसाही नको असतो. नटवणाऱ्याच्या मनातली कृतज्ञता तेवढी त्याच्या शिंगावर चमकते.

गोंड्याचीही गोष्ट अशीच आहे, आणि ती थेट पवित्र शास्त्रात आहे. गणनाच्या पंधराव्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो की इस्राएल लोकांनी वस्त्राच्या टोकांना गोंडे लावावेत आणि त्यात निळा दोरा घालावा. कशासाठी? ते पाहून आज्ञांची आठवण व्हावी म्हणून. म्हणजे वस्त्राची ही झालर देवानेच सांगितलेली. पुढे मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू शास्त्र्यांना आणि परूश्यांना सुनावतो, ते काय म्हणून? हेच गोंडे ते मोठे करतात, लोकांनी पाहावे म्हणून. गोंडा तोच, आज्ञाही तीच. फक्त लांबी वाढली आणि तोंड फिरले. आठवण करून देणारी वस्तू आता जाहिरात करू लागली.

पण आम्ही इथे थांबलो असतो तर अर्धेच वाचले असते. त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीतून मागून येते आणि प्रभूच्या वस्त्राच्या काठाला शिवते. तिथे मूळ ग्रीक शब्द गोंड्यांसाठी वापरलेलाच आहे. म्हणजे प्रभूच्या वस्त्रालाही गोंडे होते! तो आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे पोशाख करीत होता. परूश्याचा लांब गोंडा चौकात मिरवत होता आणि प्रभूचा गोंडा एका लाजऱ्या, थकलेल्या बाईच्या बोटांना सापडला. सभेत आम्ही ‘गोंडे हवेत की नकोत’ यावर तास घालवला. हात कोणाचा पोहोचतो, हे विचारायला हवे होते.

आता त्या ‘टॉड्री’कडे. सातव्या शतकात इंग्लंडच्या पूर्व भागात अ‍ॅना नावाच्या राजाची एक मुलगी होती, एथेलथ्रिथ. पुढे लोक तिला ऑड्री म्हणू लागले. ती राणी झाली, नंतर राजवाडा सोडून तिने इ.स. ६७३ च्या सुमारास ईली या पाणथळ जागी मठ उभारला. ६७९ साली ती वारली. तिची हकीकत पूज्य बीडने आपल्या ‘इंग्रज लोकांच्या मंडळीचा इतिहास’ या ७३१ साली पुऱ्या झालेल्या ग्रंथात दिली आहे. शेवटच्या आजारात तिच्या गळ्यावर गाठ आली. वैद्याने ती फोडली. बीड सांगतो की त्या वेदना तिने आनंदाने पत्करल्या. तिचे म्हणणे असे की तरुणपणी गळ्यात हारांचे नको ते ओझे वागवले, त्याचे ऋण देव आता या गाठीने फेडून घेत आहे. सोळा वर्षांनी तिचे शरीर दुसऱ्या शवपेटीत ठेवण्यासाठी बाहेर काढले, तेव्हा ते न कुजलेले आढळले आणि गळ्यावरची जखम भरलेली होती, असेही त्याने नोंदवले आहे.

आजार हे दागिन्यांचे प्रायश्चित्त असते असे आम्ही कोणाला सांगणार नाही. कोणाच्या गळ्याला गाठ आली तर तिला धीर द्यावा आणि दवाखान्यात न्यावे. ऑड्रीने स्वतःच्या दुखण्याचा अर्थ स्वतःपुरता लावला, तो तिचा हक्क. पुढे जे झाले ते मात्र मनाला चटका लावणारे आहे. ऑड्रीच्या सणाला, १७ ऑक्टोबरच्या सुमारास, ईलीत जत्रा भरू लागली. त्या जत्रेत बायका गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकत घेत. त्यांना ‘सेंट ऑड्रीची लेस’ म्हणत. ज्या बाईने गळ्यातल्या हारांचा पश्चात्ताप केला, तिच्याच नावाने गळ्यातल्या फिती! बोलता बोलता ‘सेंट’मधला शेवटचा ‘ट’ ऑड्रीला चिकटला आणि झाले ‘टॉड्री लेस’. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ नाटकात एक खेडवळ मुलगी अशा फितीचा हट्ट धरते. तोवर ती हवीहवीशी वस्तू होती. पुढे जत्रेतला माल हलका होत गेला आणि सतराव्या शतकात ‘टॉड्री’ म्हणजे भडक आणि फुटकळ असा अर्थ रूढ झाला. संताचे नाव शिवीत जमा झाले. आपल्याकडच्या जत्रांमधून, मग ती कोणत्याही धर्माची असो, हा प्रवास आपण पाहतोच. आधी भक्त येतात, मग दुकाने येतात, शेवटी दुकानांच्या मागे भक्ताचे नाव दिसेनासे होते.

इंग्रजीत या घराण्यातले शब्द पुष्कळ. ‘फ्रिल’ म्हणजे आपली झालर. ‘फ्रिपरी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या जुन्यापुराण्या कपड्यांच्या नावावरून आला. आज त्याचा अर्थ भपकेबाज फालतू सामान. घागऱ्याच्या घोळाला लावायच्या चुणीदार पट्टीला फ्रेंच लोक ‘फालबाला’ म्हणत. इंग्रजांच्या कानाला ते परके वाटले म्हणून त्यांनी ‘फर्बिलो’ केले, जणू खाली लावलेली लोकरी किनार. झालरीच्या नावालाच झालर लागली म्हणायची.

मराठीही मागे नाही. भपका, डामडौल, बडेजाव, थाटमाट, फापटपसारा, आणि बोलण्यातल्या झालरीला पाल्हाळ. यातला प्रत्येक शब्द ऐकायला जरा फुगीरच आहे. भपका तर दारूचाही येतो आणि श्रीमंतीचाही. दोन्ही आधी नाकात शिरतात. पण आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारा शब्द म्हणजे अवडंबर. याचे संस्कृत मूळ ‘आडंबर’, आणि वैदिक वाङ्मयात आडंबर हे एका ढोलाचे नाव आहे. ढोल, मग ढोलाचा आवाज, मग गाजावाजा, आणि शेवटी पोकळ मोठेपणा. हे वाचले तेव्हा करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय डोळ्यांपुढे आला. प्रीती नसेल तर देवदूतांच्या भाषा बोलूनही माणूस वाजणारे पितळ आणि झणझणणारी झांज होतो, असे पौल तिथे म्हणतो. करिंथ कुठे, आपले ब्राह्मणग्रंथ कुठे. दोन्हीकडच्या माणसांना पोकळ थाटासाठी वाद्यच आठवावे हे पाहून आम्ही थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

आता वादातला खरा मुद्दा: मावशींनी विचारलेला पैशाचा. यशयाच्या तिसऱ्या अध्यायात सियोनेच्या कन्यांच्या दागिन्यांची आणि वस्त्रांची लांबलचक यादी आहे. पैंजणांपासून ओढण्यांपर्यंत मोजून एकवीस वस्तू, नथही त्यात आली. यातल्या काही हिब्रू शब्दांचा नेमका अर्थ आजही विद्वानांना लागत नाही, म्हणून प्रत्येक भाषेचा अनुवादक आपल्या बाजारातली नावे तिथे बसवतो. हा उतारा आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय, हे दोन्ही बायकांना दटावण्यासाठी किती वेळा वापरले गेले असतील! आम्हीही लहानपणी ऐकले आहे: टिकल्या काढा, बांगड्या कमी करा. पण यादीच्या दोनतीन ओळी आधी पाहा. तिथे परमेश्वर न्यायासनावर उभा आहे आणि त्याच्यासमोर आरोपी म्हणून उभे आहेत लोकांचे वडील आणि सरदार, म्हणजे पुरुष. आरोप असा की द्राक्षमळा तुम्ही खाऊन टाकला, गरिबाची लूट तुमच्या घरात आहे. दागिन्यांची यादी त्यानंतर येते. नथ कोणाच्या पैशाची, हा तिथला प्रश्न आहे. संत्र्याच्या बागेतल्या तोडणीची किंवा कापूस वेचणीची मजुरी दाबून केलेल्या सोन्यावर देवाचा राग आहे, मजुरीतून पैसा पैसा साठवून केलेल्या एकुलत्या एका डोरल्यावर नाही, असे आम्ही या अध्यायावरून समजतो.

मंडळीच्या इतिहासात हा झगडा मोठमोठ्यांनी केला आहे. ११२५ च्या सुमारास क्लेअरव्होच्या संत बर्नार्डने मठांतल्या सोन्यावर आणि कोरीव कामावर कडक टीका लिहिली: भिंती झळाळतात आणि दारातला गरीब उघडा, असा तिचा रोख. त्यानंतर थोड्याच वर्षांत पॅरिसजवळ सेंट डेनिसचा मठाधिपती सुजेर याने आपले देऊळ रंगीत काचांनी आणि रत्नांनी उजळले. तेजस्वी वस्तू पाहून मन खऱ्या तेजाकडे चढते, अशी त्याची श्रद्धा. दोघेही प्रामाणिक होते. आमचा कल बर्नार्डकडे आहे, पण हे लिहिताना आम्हाला निर्गमाचा अठ्ठाविसावा अध्याय आडवा येतो. महायाजकाच्या झग्याच्या घोळाला डाळिंबे आणि सोन्याची घुंगरे, एकाआड एक. याहून मोठी झालर कोणती? आणि ती देवाने सांगितली, कारागिराला त्यासाठी आपला आत्मा दिला. याजक पवित्रस्थानात जाताना त्या घुंगरांचा आवाज ऐकू यावा असे तिथे लिहिले आहे. पोळ्याची घुंगरमाळ वाजली की आम्हाला आता तो झगा आठवतो.

त्याच ग्रंथात आणखी एक खूण आहे. बत्तिसाव्या अध्यायात लोक कानातली कुंडले काढून देतात आणि त्यांचे वासरू होते. पस्तिसाव्यात तेच लोक पुन्हा कुंडले, आंगठ्या आणून देतात आणि त्यांचा निवासमंडप होतो. अडतिसाव्यात बायका आपले पितळी आरसे देतात. त्यांतून हातपाय धुण्याचे गंगाळ घडते. ज्यात रोज तोंड पाहायचे त्या आरशाचे पाणी धरणारे भांडे झाले. त्या बायकांची नावे लिहिलेली नाहीत.

अशीच एक बाई आपल्या मराठीत होऊन गेली, पंडिता रमाबाई. त्यांचे नाव लिहिलेले आहे, पण त्यांनी काय उतरवून ठेवले ते आपण नीट पाहत नाही. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर होते. त्याआधी दुष्काळात त्यांच्या घरातले दागिने, उंची कपडे, भांडी, सारे एकेक करून विकले गेले होते आणि आईवडील उपासमारीने गेले. अंगावरची झालर अशी गेली. भाषेची झालर त्यांनी पुढे स्वतःच्या हाताने उतरवली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्याच भागात, त्या वेळच्या मध्य प्रांतात आल्या. छिंदवाडा आणि त्याबरोबर आमचा पांढुर्णा-सौंसरचा मुलूख याच प्रांतात होता. उपाशी, अनाथ मुली गोळा करून त्यांनी पुण्याजवळ केडगावला नेल्या. तिथे मुक्ती मिशन वाढले.

या मुलींना शास्त्र वाचून दाखवताना त्यांना कळले की छापलेले मराठी बायबल त्यांना नीट समजत नाही. शब्द जड, संस्कृत वळणाचे. पंडितेला ते सहज कळत होते, पण खेड्यातल्या बाईला नाही. रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकायला घेतले आणि साध्या मराठीत सबंध बायबल नव्याने उतरवायला बसल्या. अनेक वर्षे हे काम चालले. मुक्तीच्याच बायका खिळे जुळवीत होत्या, छापत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. अनुवाद त्यांनी हातावेगळा केला होता. पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. संस्कृत न येणाऱ्याने सोपे लिहिणे वेगळे. ज्याच्याकडे सगळे अलंकार आहेत त्याने ते समोरच्या माणसासाठी पेटीत ठेवणे, हे आम्हाला त्या आरशांसारखे वाटते.

पण सोपे म्हणजे कोरडे, असेही कोणी समजू नये. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, १५७९ साली गोव्याला आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती, ती गोडी त्यांना प्रभूच्या कथेत मिळावी म्हणून त्यांनी मराठीची फुले, सुगंध, उपमा सारे वापरले. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक! आपल्या शेजारच्या नागपुरात ते राहिले होते. १८९३ साली तिथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मुळात संस्कृत वळणाचे कवी, पण मंडळीसाठी गाताना त्यांनी अभंग आणि ओवी हाती घेतली, तुकोबाची वाट धरली. म्हणूनच ज्या आजीला अक्षर येत नाही तिलाही त्यांची गीते पाठ असतात. तिथेही अलंकार आहेत, पण ते तिच्या हाताला लागतील इतके खाली आहेत.

याच मापाने आम्ही आमच्या जाहीर प्रार्थना तपासल्या आणि थोडे लाजलो. “हे सर्वसमर्थ, सर्वव्यापी, परमकृपाळू” अशी विशेषणांची माळ लावत आम्ही सुरुवात करतो आणि खाटेवर पडलेल्या माणसाचे नाव घ्यायच्या आधी दम संपतो. शास्त्री लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरे गिळतात, असे प्रभूने मार्काच्या बाराव्या अध्यायात एकाच दमात म्हटले आहे. लांबण आणि लूट यांची जोडी त्याने लावली, आम्ही नाही.

यंदा सभा पुन्हा बसली. ती गोड झाली असे नाही. थर्माकोलची कमान रद्द झाल्यावर दोन तरुण रुसले आणि अजून रुसलेलेच आहेत. माळा ठेवल्या, पण अर्ध्या. वाचलेले पैसे मदतीच्या पेटीत गेले. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात नाताळच्या रात्री पहिल्यांदा गव्हाण मांडली तेव्हा त्याने गवत, एक बैल आणि एक गाढव एवढेच मागवले होते, हे आम्ही वाचून दाखवले. तेव्हा एका शेतकरी भावाने पोळ्याची जुनी झूल आणून दिली. गोठ्यातल्या मातीच्या बैलाला ती फार मोठी झाली, म्हणून गवताखाली अंथरली. पेटीच्या तळाशी उरलेली थोडी बेगड निघाली, ती मुलांनी पुठ्ठ्याच्या ताऱ्याला लावली.

पाटी पुन्हा त्याच मुलीने लिहिली. वर मराठीत ‘गव्हाणीचा देखावा’, तसेच ठेवले. खाली हिंदीत, मैत्रिणीसाठी, ‘चरनी की झाँकी’.